सोळाचा एमसीबी का पडतो

रविवारची संध्याकाळ आहे, घरात पाहुणे आलेत. ओट्यावर इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरात चालू, कोपऱ्यातल्या ओटीजीत केक, आणि चहाचं पाणी इलेक्ट्रिक किटलीत. पहिली किटली उकळते, दुसरी लावली जाते, आणि दारामागच्या पेटीतून ‘खट्’ असा आवाज येतो. ओट्यावरचं सगळं बंद पडतं. हॉलमधले दिवे आणि पंखे मात्र चालूच. कुणीतरी स्टुलावर चढून पडलेली दांडी वर करतं. मिनिटभरात ती पुन्हा पडते. तिसऱ्यांदा पडली की सगळ्यांचं एकमत होतं: एमसीबी खराब झालाय, वायरमनला बोलवा.

खरं तर एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, ठणठणीत असतो. त्याच्यावर ‘सी १६’ असं छापलेलं असतं आणि तो छापल्याप्रमाणे वागलेला असतो. हिशेब अगदी सोपा आहे. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. उपकरणाच्या वॅटला २३० ने भागलं की त्यातून जाणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. इंडक्शन २००० वॅटचा, ओटीजीही २००० वॅटचा. दोन्ही मिळून ४००० भागिले २३०, म्हणजे १७.४ अँपिअर. सोळाच्या एमसीबीतून साडेसतरा अँपिअर चालले तरी तो पडत नाही, आणि यात काही चुकलेलंही नाही. घरगुती एमसीबीचं मानक असं आहे की नेमलेल्या प्रवाहाच्या १.१३ पटीपर्यंत, म्हणजे इथे सुमारे १८ अँपिअरपर्यंत, त्याने तासभर तरी पडता कामा नये. १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर झाले तर मात्र तासाच्या आत पडलंच पाहिजे. १८०० वॅटची किटली लावली की एकूण ५८०० वॅट होतात आणि प्रवाह २५ अँपिअरच्या वर जातो. आता पडणं अटळ असतं. फक्त किती मिनिटांनी, एवढाच प्रश्न उरतो. आधीच तापलेला असल्यामुळे दुसऱ्यांदा तो लवकर पडतो. घरच्यांना तो बिघडलेला वाटतो तो नेमका यामुळेच.

वायरमन येतो, ‘लोड जास्त आहे, बत्तीसचा टाकू’ म्हणतो, अर्ध्या तासात बदलून जातो. त्यानंतर एमसीबी पडत नाही. सगळे खूश.

घराच्या वायरिंगमध्ये याहून घातक आणि याहून जास्त रुळलेली चूक दुसरी नसेल. एमसीबीवरचा आकडा उपकरणासाठी नसतो आणि माणसासाठी तर नसतोच. तो भिंतीत गेलेल्या वायरीसाठी असतो. ओट्याच्या पॉइंटला सहसा अडीच चौरस मिलिमीटरची, दुकानातल्या भाषेत ‘अडीच एमएम’ची, तांब्याची वायर असते. पीव्हीसी पाइपातून, दोन-तीन वायरींच्या सोबतीने, भिंतीच्या आतून गेलेली ही वायर साधारण १८ ते २० अँपिअर निर्धास्त वाहून नेते. बत्तीसचा एमसीबी त्याच १.१३ पटीच्या नियमाने ३६ अँपिअर तासभर वाहू देईल आणि चूं करणार नाही. तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. अठराऐवजी छत्तीस अँपिअर गेले तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. साध्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे. त्यापुढे ते मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत चाललेलं असतं. बाहेर फार तर एखाद्या सॉकेटपाशी करपट वास येतो. एमसीबी मोठा करायचा असेल तर आधी वायर बदलावी लागते. वायर तीच ठेवून आकडा वाढवणं म्हणजे संरक्षण काढून टाकणं.

या छोट्याशा डबीच्या आत दोन वेगळ्या यंत्रणा बसवलेल्या असतात. एक मंद, दुसरी तत्पर. मंद यंत्रणा म्हणजे दोन धातूंची एकमेकांना जोडलेली पट्टी, तापट्टी. प्रवाहाने ती तापते, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. ओव्हरलोड पकडायचं काम तिचं. थोडा जास्त भार असेल तर तिला बराच वेळ लागतो, खूप जास्त असेल तर काही सेकंद. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे, कारण घडीभर जास्त प्रवाह गेल्याने वायरीचं बिघडत नाही. तत्पर यंत्रणा म्हणजे तारेचं वेटोळं. फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना भिडले तर शेकडो अँपिअर उसळतात, वेटोळं चुंबक बनतं आणि आतला खटका ओढून घेतं. हे काम साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतं. संपर्क सुटताना आत ठिणगी पेटते. तिला शेजारच्या पत्र्यांच्या गठ्ठ्यात ओढून, तुकडे पाडून विझवलं जातं. दांडी बोटाने वर दाबून धरली तरी आतला खटका सुटतोच. म्हणजे हट्टी माणसाचाही विचार त्यात केलेला आहे.

आकड्याआधीचं अक्षर या तत्पर यंत्रणेबद्दल सांगतं. ‘बी’ असेल तर नेमलेल्या प्रवाहाच्या ३ ते ५ पटीत ती तडकाफडकी पडते, ‘सी’ असेल तर ५ ते १० पटीत, ‘डी’ असेल तर १० ते २० पटीत. पाण्याचा पंप किंवा जुन्या पद्धतीचा एसी सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतो, म्हणून आपल्याकडे बहुतेक घरांत सरसकट ‘सी’ बसवतात. सी १६ चा अर्थ असा की ८० अँपिअरच्या खाली तो तडकाफडकी पडणार नाही आणि १६० च्या वर नक्की पडेल.

शहरात १६० च्या वर जाण्याची ही अट सहज पुरी होते. शॉर्ट झालं त्या वाटेचा एकूण रोध अर्धा ओहम धरला तर २३० भागिले अर्धा, म्हणजे ४६० अँपिअर. एमसीबी क्षणात जातो. पण वाडीवरच्या घराचं पाहा. डीपी, म्हणजे रोहित्र, लांब, सर्व्हिस वायर बारीक आणि दोन ठिकाणी जोडलेली. वाटेचा रोध दोन ओहम झाला तर शॉर्ट सर्किटमध्येही ११५ अँपिअरच मिळतील. तेवढ्याने सी १६ तत्क्षणी पडेलच अशी खात्री नाही. कदाचित तापट्टी वाकेपर्यंत काही सेकंद जातील आणि तोवर वायर ठिणग्या टाकत राहील. तिथे ‘बी’ जातीचा एमसीबी योग्य ठरतो. गावातल्या दुकानात तो मागितला तर बरेचदा मागवून घ्यावा लागतो, ही गोष्ट वेगळी.

डबीवर एका चौकोनात ६००० किंवा १०००० असाही आकडा असतो. शॉर्ट सर्किटचा जास्तीत जास्त किती अँपिअरचा प्रवाह हा एमसीबी स्वतः न फुटता तोडू शकेल, ते हा आकडा सांगतो. रोहित्र इमारतीच्या आवारातच असेल तर १०००० चाच घ्यावा.

एमसीबी येण्याआधी हे काम फ्यूजची तार करत होती. थॉमस एडिसनने १८७९ च्या एका पेटंट अर्जात आपोआप प्रवाह तोडणाऱ्या उपकरणाची कल्पना मांडली होती, पण प्रत्यक्षात त्याने भरवसा ठेवला तो वितळणाऱ्या तारेवरच. आजच्या एमसीबीचा पूर्वज जर्मनीतला. मानहाइम शहरातल्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये, तापट्टी आणि चुंबक दोन्ही एकत्र असलेल्या खटक्याचं पेटंट घेतलं. फ्यूजच्याच आट्यांत दिव्यासारखा फिरवून बसवता येईल असा तो होता, त्यामुळे जुनं घर न उकलता बदल करता आला.

महाराष्ट्रातल्या चाळींत, वाड्यांत आणि सरकारी क्वार्टरांत चिनी मातीचा पांढरा किटकॅट फ्यूज पुढे कित्येक दशकं टिकला. लाकडी पट्टीवरून गेलेली वायर, दारावर काळा मेन स्विच आणि शेजारी दोन-तीन किटकॅट, ही रचना आजही जुन्या इमारतींच्या जिन्याखाली दिसते. फ्यूजमध्ये मुळात वाईट काही नाही. वाईट होती ती त्यात तार घालणाऱ्याची सवय. नेमलेल्या जाडीची तार नेमलेल्या प्रवाहाच्या साधारण दुपटीला वितळते. पण रात्री फ्यूज उडाला की घरात ती तार कुठली सापडायला? मग जुन्या वायरीतले तांब्याचे दोन-चार धागे काढून पिळ घालून बसवायचे, की झालं काम. असा फ्यूज नंतर कधीच उडत नसे. सोळाच्या जागी बत्तीस टाकणारा आजचा वायरमन हीच परंपरा पुढे चालवतो आहे. साहित्य तेवढं बदललं.

आता पेटी उघडून आत काय आहे ते बघू. हिला सगळे ‘डीबी’ म्हणतात, डिस्ट्रिब्युशन बोर्ड. मीटरपर्यंतची वीज वीज कंपनीची: बहुतेक महाराष्ट्रात महावितरणची, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचीही. मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाचं, आणि त्याची जबाबदारीही घरमालकाचीच. मीटरपासून दोन वायरी येतात: लाल, पिवळी किंवा निळी असेल ती फेज, काळी ती न्यूट्रल. तिसरी हिरवी, ती अर्थिंगची. पेटीत शिरल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही आधी दुहेरी मेन स्विचमधून जातात. पुढे आरसीसीबी असेल तर दोन्ही त्यातून जातात. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ. तिथून वाटा वेगळ्या होतात. फेज जाते तांब्याच्या फणीसारख्या पट्टीकडे, म्हणजे बसबारकडे. ही पट्टी रांगेतल्या सगळ्या एमसीबींना एकदम वीज पुरवते. प्रत्येक एमसीबीतून एकेक फेज घरात निघते. न्यूट्रल मात्र एमसीबीतून जात नाही. ती पितळेच्या एका पट्टीवर, न्यूट्रल लिंकवर, येते आणि तिथून प्रत्येक सर्किटची स्वतंत्र न्यूट्रल फेजच्या सोबतीने त्याच पाइपातून पुढे जाते. हिरव्या वायरींची पट्टी वेगळी.

या रचनेतून एक गोष्ट निघते आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: एकेरी एमसीबी खाली केला तरी न्यूट्रल जोडलेलीच राहते. वायरिंग नीट असेल तर त्याने धोका नाही. पण फेज आणि न्यूट्रल कुठे उलटसुलट झालेल्या असतील, तर एमसीबी बंद असूनही पॉइंटला करंट असतो. बटणाचंही तसंच. बटण फेजवर हवं. न्यूट्रलवर लागलं असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहतात. बंद केलेला एलईडी बल्ब रात्री मंद मिणमिणत असेल तर हे एक कारण तपासावं. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यानेही असं होतं आणि ते निरुपद्रवी असतं.

एका सर्किटवर किती पॉइंट ठेवायचे, याला शिस्त आहे. वायरिंगसाठीचं भारतीय मानक ७३२ जुन्या काळापासून सांगत आलं आहे की दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत असावा. जाड पिनेच्या पॉवर सॉकेटच्या सर्किटवर दोनच सॉकेट असावेत. मराठी घरांतल्या डीबीत ही शिस्त शोधायला गेलं तर निराशाच पदरी पडते. ओट्यावर चार सॉकेट, त्यावरून लूप मारून फ्रिज, तिथून पुढे बाल्कनीतलं वॉशिंग मशीन, आणि या सगळ्यांना मिळून एक एमसीबी. बिल्डरच्या जाहिरातीत मॉड्युलर बटणांचा ब्रँड मोठ्या अक्षरांत असतो. सर्किट किती, हे कुणी लिहीत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

चांगल्या वायरमनचा ठोकताळा साधारण असा असतो: दिवे-पंख्यांना दीड एमएम वायर आणि ६ किंवा १० चा एमसीबी; पॉवर सॉकेटला अडीच एमएम आणि १६ चा; एसी आणि मोठ्या गिझरला चार एमएम, प्रत्येकाची वायर डीबीपासून स्वतंत्र, आणि २० किंवा २५ चा एमसीबी; मीटरपासून डीबीपर्यंत सहा किंवा दहा एमएम. जुन्या इमारतीत ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ अशी मापं ऐकू येतात. ती तारांची संख्या आणि गेज आहेत. तीन बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटरच्या आसपास. अशा वायरीवर नव्या गिझरचं ओझं टाकू नये. वायर अॅल्युमिनियमची असेल तर आणखी सावध, कारण दाबाखाली ती हळूहळू सपाट होत जाते आणि स्क्रूखालची जोडणी सैल पडते.

सैल जोडणीचं प्रकरण एमसीबीच्या आवाक्याबाहेरचं आहे. स्क्रू ढिला असला की तिथे रोध वाढतो, तेवढाच बिंदू तापतो, काळवंडतो, पण एकूण प्रवाह मात्र वाढत नाही. दहा अँपिअरचे दहाच राहतात. एमसीबीला काही कळायचं कारणच नाही. ‘शॉर्ट सर्किटमुळे आग’ अशी बातमी वर्तमानपत्रात नेहमी येते. खरं शॉर्ट सर्किट तर एमसीबी सगळ्यात चोख पकडतो. चांगला एमसीबी असलेल्या घरात आग लागली तर आधी संशय घ्यावा तो ढिल्या स्क्रूवर, अर्धवट पिळून टेप गुंडाळलेल्या जोडावर आणि एका मल्टिप्लगमध्ये खोचलेल्या दुसऱ्या मल्टिप्लगवर. बहुधाग्यांची वायर एमसीबीत खोचताना तिच्या टोकाला पिन लग दाबून बसवायला दोन मिनिटं लागतात आणि फारच थोडे वायरमन ती खर्ची घालतात. वर्षातून एकदा मेन बंद करून डीबीतले सगळे स्क्रू आवळून घेणं हे स्वस्तात स्वस्त काम आहे.

एमसीबी माणसाला वाचवतो हा समज तर फारच पसरलेला आहे. आकडे बघितले की तो टिकत नाही. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर जातील. प्राणघातक ठरायला इतकं पुरे आणि वर उरे. पण सोळाच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह त्याच्या आकड्याच्या सत्तराव्या भागाइतका आहे. म्हणजे काहीच नाही.

मग अर्थिंग कशासाठी? गिझरच्या आतली फेज पत्र्याला टेकली तर करंटने माणसाची वाट न धरता हिरव्या वायरीने जमिनीत जावं, यासाठी. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन लांब आणि जाड असते ती यामुळेच: प्लग लावताना अर्थिंग आधी जोडलं जातं, काढताना शेवटी सुटतं. पण इथेही एक मेख आहे. सोसायटीच्या आवारातला अर्थिंगचा खड्डा, कोळसा-मीठ घालून अडीच मीटर पाइप पुरलेला, बांधकाम संपलं त्या वर्षानंतर कुणी बघितलेला नसतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडते. त्याचा रोध २० ओहम झाला असेल तर गिझरचा पत्रा आणि फेज एकत्र आल्यावर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत वाहत राहतील. सोळाचा एमसीबी पडणार नाही. तासभर नाही, दिवसभरही नाही. आणि तेवढा वेळ गिझरचा पत्रा, त्याला जोडलेला धातूचा पाइप आणि नळ जिवंत राहतील.

यावरचा उपाय आरसीसीबी. दुकानदार अजून त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याची चतुराई अशी की तो किती प्रवाह गेला याकडे बघतच नाही. तो फक्त जमाखर्च मांडतो: फेजने गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला की नाही. दोन्ही वायरी एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर कड्यातलं चुंबकत्व शून्य. कुठे माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून थोडा जरी जमिनीत गेला, की शिल्लक दिसते आणि खटका सुटतो. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही घरांसाठी हीच मर्यादा आहे. ३० मिलिअँपिअर गळतीला त्याने ०.३ सेकंदाच्या आत पडायचं, आणि गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात.

या आकड्यांमागे माणसांवर केलेले प्रयोग आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन प्रवाह हळूहळू वाढवला आणि कुठवर माणूस स्वतःहून हात सोडवू शकतो ते मोजलं. सरासरी पुरुषांत १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांत साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. ‘करंटने धरून ठेवलं’ असं म्हणतात ते हेच. डालझिएल यांनीच १९६१ मध्ये अमेरिकेत गळती पकडणारं घरगुती उपकरण तयार केलं, आणि तिथे मर्यादा ५ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवली गेली. आपली ३० ची मर्यादा त्याहून सैल आहे: झटका जोरात बसेल, पण हृदयाची लय बिघडण्याआधी प्रवाह तुटेल, हा त्यामागचा विचार.

आरसीसीबीच्याही मर्यादा आहेत. एकाने प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर गेला तेवढा परत आला. जमाखर्च जुळला, आरसीसीबी गप्प. ओव्हरलोडही त्याला कळत नाही, म्हणून एमसीबी लागतोच.

त्याच्याविषयी सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे पावसाळ्यात तो सारखा पडतो. पडणारच. गच्चीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलेलं असतं, गॅलरीतल्या दिव्याच्या होल्डरला ओल आलेली असते, गिझरचं एलिमेंट आतून फुटायला आलेलं असतं. मोबाइल चार्जर, टीव्ही, एलईडी दिवे, संगणक यांच्यातही मुळातच किंचित गळती असते. वीस-पंचवीस उपकरणांची मिळून ती वाढते, आणि ३० चा आरसीसीबी १५ मिलिअँपिअरच्या पुढे केव्हाही पडला तरी ते मानकाला धरूनच आहे. उपाय म्हणजे घर दोन आरसीसीबींवर वाटणं. दुसरं नेहमीचं कारण इन्व्हर्टर. इन्व्हर्टर बसवणारा फेज वेगळी ओढतो आणि न्यूट्रल मात्र जवळ मिळेल ती जोडून मोकळा होतो. मग एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेने परत येतो, हिशेब जुळत नाही, आरसीसीबी पडतो. न्यूट्रल शोधून दुरुस्त करायला अर्धा दिवस लागतो. आरसीसीबी काढून दोन वायरी थेट जोडायला पाच मिनिटं. किती घरांत दुसरा मार्ग निवडला जातो, हे डीबीचं झाकण उघडल्यावर कळतं.

आणि एक संकट असं आहे की ज्यापुढे एमसीबी आणि आरसीसीबी दोघेही हतबल होतात: खांबावरची किंवा इमारतीच्या मेन पॅनेलमधली न्यूट्रल तुटणं. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल गेली की कुणाच्या घरात व्होल्टेज दीडशेवर येतं, तर कुणाच्या घरात साडेतीनशेच्या पुढे, अगदी ४०० च्या जवळ. दिवे भगभगीत पेटतात, मग टीव्ही, फ्रिजचं सर्किट, सेट टॉप बॉक्स एकामागून एक जातात. यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला पुरवठा तोडणारं वेगळं उपकरण डीबीत बसवावं लागतं. ते घ्यावं.

खटका पडल्यावर काय करायचं, ते आता सांगता येईल. दांडी वर करताच लगेच पडत असेल तर शॉर्ट आहे. पुन्हापुन्हा वर करू नये. काही मिनिटांनी पडत असेल तर ओव्हरलोड. जास्त वॅटची उपकरणं एकाच वेळी लावू नयेत. आरसीसीबी पडला असेल तर त्या घरातले सगळे प्लग प्रत्यक्ष काढावेत, नुसती बटणं बंद करून भागत नाही, कारण न्यूट्रल जोडलेली राहते. मग आरसीसीबी वर करून एकेक प्लग लावत जावं. ज्याने पडेल तो दोषी. एकही प्लग नसताना पडत असेल तर दोष भिंतीत आहे. तिथे घरच्या माणसाचं काम संपलं. पुढचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं किंवा आयटीआयमधून वीजतंत्री, तारतंत्री झालेल्या माणसाचं. घरात इन्व्हर्टर किंवा छतावर सौरपॅनेल असेल तर मेन बंद केल्यावरही काही वायरी जिवंत राहतात, हे त्यालाही आधी सांगावं.

वायरमनने काम केलं की पैसे देण्याआधी त्याच्याकडून एक गोष्ट करून घ्यावी: डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक एमसीबीपुढे त्याचं सर्किट, वायरीची जाडी आणि एमसीबीचा आकडा लिहून चिकटवायचा. पुढच्या वेळी कुणी बत्तीसचा घेऊन आला तर तो कागद त्याच्यापुढे धरता येईल. आणि आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघावं. दाबलं आणि दांडी पडली नाही, तर तो आरसीसीबी त्याच दिवशी बदला.